वजनाच्या काट्यावर आपल्या मुली

मैत्रिणींनो,

पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या वस्तीतल्या किशोरी गटात एक मुलगी यायची बंद झाली. वय तेरा, इयत्ता आठवी. अंगाने भरलेली, बोलकी, पथनाट्यात सगळ्यात खणखणीत आवाज तिचा. दोन आठवडे दिसली नाही म्हणून मी तिच्या घरी गेले, तेव्हा हकीकत कळली. शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. वर्गासमोरच काटा मांडून एकेकीचे वजन घेतले गेले आणि मोठ्याने उच्चारून वहीत लिहिले गेले. हिचा आकडा ऐकून मागच्या बाकांवर हशा पिकला. ‘आईला सांग, जरा कमी खायला घाल,’ असे बाई म्हणाल्या. बाईंच्या मनात वाईट काही नसेलही. पण त्या दिवसापासून ती शाळेतली खिचडी मैत्रिणीच्या ताटात टाकू लागली. सकाळी नुसता चहा, रात्री घासभर भात, आणि मधे भूक अनावर झाली की पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. मी गेले त्याच्या आदल्याच दिवशी ती प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली होती.

सरकारी दवाखान्यात तिचे रक्त तपासले. या वयात हिमोग्लोबिन किमान १२ असायला हवे, तिचे ८.४ निघाले. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘ही मुलगी जाडही आहे आणि उपाशीही आहे.’

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण त्यात माझीही चूक दडलेली आहे. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मी कुपोषण शिकले. अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावर ठिपके मांडायला शिकले. कुपोषण म्हटले की काड्यांसारखे हातपाय आणि पुढे आलेले पोट डोळ्यांपुढे येई. लठ्ठपणा हा बंगल्यातल्यांचा, लोण्यातुपात वाढलेल्यांचा आजार, असे आम्ही धरूनच चाललो होतो. गटातल्या हडकुळ्या मुलींना मी दर आठवड्याला ‘काय खाल्लंस?’ विचारत होते, लोहाच्या गोळ्या घेतात की नाही ते बघत होते. या मुलीला मी वर्षभरात एकदाही तो प्रश्न विचारला नाही. ती मला ‘खात्यापित्या घरची’ वाटत होती. तिच्या शाळेतल्या बाईंनी तिच्या देहाकडे बघून एक निष्कर्ष काढला, मी दुसरा काढला. तिच्या ताटात काय पडते ते दोघींपैकी कुणीच पाहिले नाही.

म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. स्त्री-चळवळीच्या अंकात मुलांच्या लठ्ठपणाचे काय काम, असे काहीजणींना वाटेल. माझ्या मते काम आहे, आणि ते आजवर टाळल्यामुळे आपलेच नुकसान झाले आहे.

आधी आकडे पाहू. २०१९-२१च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत आणि ३२.१ टक्के कमी वजनाची आहेत. त्याच वयाची ३.४ टक्के मुले जादा वजनाची आहेत. आधीच्या पाहणीत हा आकडा २.१ होता. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९.१ टक्के रक्तक्षयी आहेत; त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये ३१.१ टक्के. २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने असे दाखवले की, भारतात ५ ते १९ वयोगटातली लठ्ठ मुले १९९० साली सुमारे चार लाख होती, ती २०२२ साली सव्वा कोटीच्या घरात गेली. २०२५ मध्ये युनिसेफने सांगितले की, जगभरातल्या शाळकरी वयाच्या मुलांत लठ्ठपणाचे प्रमाण आता कमी वजनाच्या प्रमाणापेक्षा पुढे गेले आहे.

म्हणजे आपल्याकडे एक संकट संपून दुसरे आले, असे झालेले नाही. दोन्ही एकाच वेळी आहेत. एकाच गल्लीत, एकाच घरात, आणि त्या मुलीच्या बाबतीत तर एकाच शरीरात. हे घडते कसे? मैदा, साखर, तेल यांनी पोट भरते, ऊर्जा मिळते, पण लोह, प्रथिने, जीवनसत्त्वे मिळत नाहीत. उरलेली ऊर्जा चरबी होऊन साठते. शिवाय चरबी फार वाढली की अन्नातले लोह शोषून घेण्याची शरीराची क्रियाही मंदावते, असे संशोधक सांगतात.

या कोड्याची आणखी एक बाजू आपल्या पुण्यातच उलगडली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा दीर्घ अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या बाळांत स्नायू कमी असले तरी चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक. पोटात असताना जे मिळाले नाही त्याची ही किंमत. आणि ते का मिळाले नाही? कारण सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते खाणाऱ्या बायांच्या पोटी ही बाळे आली.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. हे संशोधन सांगितले की लगेच सरकारी पत्रकांची भाषा सुरू होते: ‘किशोरी म्हणजे उद्याची माता, म्हणून तिला सकस आहार द्या.’ या ‘म्हणून’वर माझा आक्षेप आहे. तेरा वर्षांच्या मुलीला अंडे मिळायला हवे ते तिला आज भूक आहे म्हणून, आज ती वाढते आहे म्हणून. ती आई होवो न होवो, तिच्या रक्तातले लोह तिचे स्वतःचे आहे.

आता घराकडे येऊ. मुलगी पडल्याचे कळल्यावर मी तिच्या आईसमोर माझे नेहमीचे पाठ म्हणायला सुरुवात केली. बाहेरचे पुडे देऊ नका, पालेभाजी करा, मोड आलेली कडधान्ये द्या. ती बाई चार घरची धुणीभांडी करते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘ताई, तुम्ही सांगता ते मला ठावं नाही व्हय? मी साडेसहाला घर सोडते. मटकीला मोड आणायचे तर आदल्या दिवशी भिजवाया लागतात, फडक्यात बांधाया लागतात. पोरं शाळेतनं येतात तवा मी दुसऱ्याच्या पोरांचे डबे भरत असते. पाच रुपये हातावर ठेवले की पोरगं रडत न्हाई, येवढंच मला कळतं.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. देशाच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनमोलाची कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे आढळले. पुरुषांचा ८८ मिनिटे. सकस अन्न म्हणजे निवडणे, भिजवणे, दळणे, चिरणे. हा सगळा वेळ बाईच्या अंगावरून जातो. पुड्याला वेळ लागत नाही. मुलांनी घरचे खावे असे म्हणणारा प्रत्येक सल्ला प्रत्यक्षात आईला आणखी एक तास राबायला सांगत असतो. मुलगा बारीक झाला तर आईचे लक्ष नाही, मुलगी जाड झाली तर आईने लाडावून ठेवली. बाप या हिशेबात कुठेच येत नाही. निदान मटकी भिजवायला तरी पुरुषाच्या हाताला काय होते?

शिवाय पैशाचा प्रश्न आहेच. दरमहाचे रेशन म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. डाळ, भाजी, दूध, अंडी, फळे बाजारभावाने घ्यावी लागतात. एका केळ्याच्या किमतीत पुडा येतो, तो महिनाभर टिकतो, आणि त्यावर नटनट्यांची चित्रे असतात. पोराच्या हातात रंगीत पुडा देणे ही गरीब आईची हौसही असते, हे आपण विसरता कामा नये. आणि जे थोडे चांगले घरात येते ते कुणाच्या ताटात पडते? या मुलीच्या धाकट्या भावाला आठवड्यातून दोनदा अंडे मिळते. ‘तिला कशाला, ती आधीच एवढी!’ असे आजी म्हणते. पूर्वी मुलगी म्हणून अंडे मिळत नव्हते, आता जाड मुलगी म्हणून मिळत नाही. कारण बदलले, ताट तेच राहिले.

दुसरा प्रश्न खेळाचा. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्या संशोधकांच्या २०१६च्या आकडेवारीनुसार जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुलींना आणि ७८ टक्के मुलग्यांना एवढी हालचाल मिळत नाही. याचा दोष मोबाइलला देऊन आपण मोकळे होतो. मोबाइल आहेच. पण माझ्या गटातल्या बावीस मुलींपैकी स्वतःचा मोबाइल दोघींकडे आहे. बाकीच्यांचे खेळणे कुणी बंद केले?

मी त्यांना विचारले, तुम्ही शेवटचे कधी पळालात? बहुतेकींनी पाचवी-सहावीचे नाव घेतले. पाळी आली, आणि ‘आता मोठी झालीस, पोरांत पळू नको’ असे सांगितले गेले. वस्तीशेजारी महापालिकेचे मैदान आहे. तिथे सकाळी क्रिकेट, संध्याकाळी क्रिकेट, अंधार पडला की दारूच्या बाटल्या. मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. शाळेत खेळाचा तास वेळापत्रकात आहे, पण त्या तासाला गणिताचा भाग पुरा करतात. मुलगे तरी कंटाळून बाहेर सटकतात. मुलींनी ओढणी सावरत वर्गात बसायचे. शिक्षणहक्क कायद्याच्या २००९च्या निकषांत शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे. त्या मैदानावर मुलगी असावी, असे कुणी लिहायचे?

त्या मुलीला दवाखान्यात ‘व्यायाम कर’ असे सांगितले. घरी येऊन ते आईने सांगितले तेव्हा आजी म्हणाली, ‘मग झाडून-पुसून काढ, भांडी घास, वजन आपोआप उतरेल.’ भावाला कुणी असे सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. हंडे उचलून पाठ दुखते, ओणवे होऊन लादी पुसताना कंबर धरते. पण हे खेळणे नव्हे. खेळात मुलगी स्वतःच्या मर्जीने पळते, ओरडते, पडते, उठते, जिंकते. राबण्यात यातले काही नाही. मुलींच्या बाबतीत कामालाच व्यायाम म्हणण्याची ही चलाखी आपण ओळखली पाहिजे.

आपल्याकडे मुलीबाळींचे खेळ नव्हते असे नाही. फुगडी, झिम्मा, पिंगा, भोंडला, लंगडी, खो-खो. दम लागेपर्यंत घुमणाऱ्या आज्या आपल्यातल्या अनेकींनी पाहिल्या आहेत. त्या आठवणीने मी भारावून जात नाही. मंगळागौर ठरावीक घरांतल्या नव्या सुनांची, तीही श्रावणातल्या मंगळवारी. एरवी त्यांच्याही पायांना उंबरा होताच. पण बायांच्या अंगाला खेळ शोभत नाही, हे म्हणणे आपल्या परंपरेत बसत नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आम्ही गटात टाळ्या वाजवल्या. मग एकीने विचारले, ‘ताई, आपल्याला खो-खो खेळायला जागा कुठाय?’

आता आपल्या चळवळीविषयी. वजनाबद्दल बोलताना आपण बिचकतो, आणि त्याला कारण आहे. १९९४ साली विश्वसुंदरीचे मुकुट भारतात आले, १९९६ साली बंगळूरला जगत्सुंदरी स्पर्धा झाली, तेव्हा देशभरातल्या स्त्री-संघटनांनी विरोध केला. बाईचे शरीर इंचात मोजून बाजारात मांडू नका, असे आपण म्हटले. ते बरोबरच होते. त्यानंतर सडपातळ करणारी पूडपाकिटे, पट्टे, चहा यांचा पूर आला. तो आता वस्तीतल्या ब्युटी पार्लरपर्यंत पोचला आहे. मुलीचे वजन वाढले की आईला धास्ती वाटते ती मधुमेहाची नव्हे. ‘हिला स्थळ कसे मिळेल’ याची. अशा वेळी आपणही ‘वजन कमी कर’ म्हणू लागलो तर त्याच बाजाराच्या आणि त्याच लग्नव्यवस्थेच्या सुरात आपला सूर मिसळतो.

पण म्हणून गप्पही बसता येत नाही. कोवळ्या वयात मधुमेह, रक्तदाब, पाळीच्या तक्रारी, गुडघेदुखी यांचा धोका वाढतो, आणि महागडे उपचार परवडत नाहीत त्यांच्याच घरात तो अधिक छळतो. मला वाटते, आपली भूमिका अशी असावी: शरीराची लाज नको, शरीराची काळजी हवी. काट्यावरचा आकडा म्हणजे मुलीचे प्रगतिपुस्तक नव्हे. तिने काय खाल्ले, ती किती पळाली, तिचे रक्त किती, ती रात्री नीट झोपली का, हे प्रश्न बारीक मुलीलाही विचारायचे आणि जाड मुलीलाही. आणि उत्तराची जबाबदारी तिच्यावर किंवा तिच्या आईवर टाकून मोकळे व्हायचे नाही.

कारण जबाबदारी मोठी आहे आणि ती ज्याची त्याने उचललेली नाही. शाळेतले जेवण हा या देशातल्या गरीब मुलांचा मोठा आधार. १९९५ साली योजना सुरू झाली. शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. पण ती आठवीपर्यंतच आहे. नववीत गेल्यावर मुलीची भूक संपते काय? महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे, देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठी निधी देणे थांबवले आणि शाळांनी लोकवर्गणीतून सोय करावी असे सुचवले. पोषणावर भाषणे फुकट मिळतात, अंड्याला मात्र वर्गणी काढायची!

शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत फार साखरेचे, मिठाचे, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० सालचा नियम आहे. आमच्या भागात मी पावलांनी अंतर मोजले. सतरा पावलांवर पुड्यांच्या माळा लटकत होत्या. पण त्या टपरीवर बसते तीही एक एकटी बाईच आहे. तिची टपरी उचलून नेली तर कंपनीचे काही बिघडत नाही, तिची चूल विझते. तिला विचारले तर म्हणाली, ‘शेंगदाणे, फुटाणे, उकडलेले हरभरे मी पण ठेवीन, पोरांनी मागितले पाहिजेत.’ पोरांनी मागावे म्हणून कोट्यवधींची जाहिरात पुड्याची होते, फुटाण्याची होत नाही. लगाम घालायचा तर तिथे घालायला हवा.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. शाळेचे जेवण बारावीपर्यंत द्या, त्यात सरकारी खर्चाने अंडे किंवा त्या तोडीचे दुसरे अन्न द्या. वजन-तपासणी आडोशाला करा, आकडा मुलीला आणि पालकांनाच सांगा, आणि काट्याबरोबर रक्तही तपासा. खेळाचा तास खेळालाच ठेवा. प्रत्येक सार्वजनिक मैदानावर मुलींसाठी राखीव वेळ, दिवे आणि स्वच्छतागृह असू द्या. मुंब्र्यात ‘परचम’ या गटाने मुलींचे फुटबॉल उभे करून दाखवले आहे. म्हणजे हे होऊ शकते.

आमच्याकडे काय झाले तेही सांगते. वस्तीतल्या नऊ आया मिळून मुख्याध्यापिकांना भेटल्या. बोलाचाली झाली, पण पुढच्या तपासणीला पडदा लावला गेला. मैदानासाठी नगरसेवकांपासून क्रिकेटच्या मुलांपर्यंत सगळ्यांशी वाटाघाटी कराव्या लागल्या. अखेर रविवारी सकाळी सात ते नऊ ते मुलींना मिळाले. पहिल्या रविवारी पाचजणी आल्या, आता पंधरा येतात. काठावर काही टगे अजून शेरे मारतात, म्हणून दोन आया आळीपाळीने तिथे बसतात. त्यांतल्या एकीने मागच्या आठवड्यात पदर खोचून लंगडी घातली.

आणि ती मुलगी? ती लोहाच्या गोळ्या घेते आहे, खिचडी खाते आहे. वजन किती झाले ते मी विचारलेले नाही. खो-खोत तिला पकडणे जड जाते, कारण ती हुलकावणी फार छान देते. घरी अंडे अजून भावालाच मिळते. आईने एकदा अर्धे केले, तर आजी दोन दिवस बोलली नाही. ती लढाई चालू आहे.

मैत्रिणींनो, तुम्हाला एक काम सांगते. येत्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी पाच ते सात आपल्या भागातल्या मैदानावर जाऊन बसा. मुलगे किती, मुली किती, दहा वर्षांवरच्या मुली किती, मोजा. त्याच रात्री आपल्या घरात कोण आधी जेवले, कोण शेवटी, आणि शेवटच्या ताटात काय उरले, तेही लिहा. आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात हे सगळे एकत्र छापू, आणि ते घेऊन शाळेत, महापालिकेत, गरज पडली तर मंत्रालयावर जाऊ.

आपली,
संपादक मंडळाच्या वतीने